एकच ‘टक्’, दोन टॉर्क: प्रेसवरच्या एका पाइप नटाचं प्रकरण

भोसरी एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यात मी मेंटेनन्स बघत होतो, तिथे २५० टनी हायड्रॉलिक प्रेसच्या एका पाइपने आम्हाला सात आठवडे छळलं. पंपाकडून मॅनिफोल्डकडे, म्हणजे तेल वाटून देणाऱ्या ठोकळ्याकडे जाणारा पोलादी पाइप, त्याच्या टोकाला ३७ अंशांचा फ्लेअर, म्हणजे शंकूसारखं पसरवलेलं तोंड, आणि त्यावर ३२ मिलिमीटरचा नट. सात आठवड्यांत हा जोड नऊ वेळा उघडावा लागला. पाच वेळा नटाखालून तेल पाझरत होतं. चार वेळा फ्लेअरच्या मुळाशी केसासारखा तडा गेला होता.

पाझर म्हणजे नट ढिला आणि तडा म्हणजे नट अती आवळलेला. एकाच जोडावर, एकाच रेंचने, एकाच सेटिंगवर हे दोन्ही आलटून पालटून कसं होतं, हे मला बराच काळ कळलं नाही. मशीनच्या पुस्तकात या नटाला १०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा पीळ, लिहिला होता. रेंच ४० ते २०० न्यूटन-मीटरचा, क्लिकचा, म्हणजे लावलेला आकडा गाठला की ‘टक्’ वाजणारा, आणि सॉकेट बसवायचा चौकोन अर्ध्या इंची. दोन्ही पाळ्यांचे फिटर १०० लावायचे, ‘टक्’ ऐकायचे आणि चेकशीटवर बरोबरची खूण करायचे. खोटी खूण कोणीच करत नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिले तीन आठवडे मी दोन चुकीच्या दिशांना गेलो. पाइप वाकवून, फ्लेअर करून देणाऱ्या माणसाला बोलावून फ्लेअरची जाडी मोजायला लावली. तो बिचारा दोनदा येऊन गेला, फ्लेअर मापात होते. मग रेंचवर संशय घेतला आणि तो कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला पाठवला. आयएसओ ६७८९ या टॉर्क रेंचच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार या प्रकारच्या, १० न्यूटन-मीटरहून मोठ्या रेंचला अधिक-उणे ४ टक्के चूक चालते. आमचा रेंच २० टक्के, ६० टक्के आणि पूर्ण क्षमता या तिन्ही ठिकाणी दीड टक्क्याच्या आत होता. प्रमाणपत्र फाइलला लागलं, प्रेस तसाच पाझरत राहिला. त्यात एक आठवडा आणि बरंच तेल गेलं.

वाट सापडली ती ब्रेकडाऊनच्या वहीत. तोवर मी जोड कोणत्या पाळीत बिघडला ते बघत होतो. एका रविवारी बसून उलटा विचार केला आणि बिघडण्याआधी तो शेवटचा कोणी आवळला होता, ते प्रत्येक नोंदीसमोर लिहिलं. चारही तडे पहिल्या पाळीत आवळलेल्या जोडांना गेले होते. पाचही पाझर दुसऱ्या पाळीच्या. आणि दोन्ही पाळ्या एकमेकींना दोष देत होत्या. सकाळचा पोरगा म्हणायचा, “साहेब, मामा ढिला सोडतात, मग मला निस्तरावं लागतं.” दुसऱ्या पाळीचे मामा, ज्यांची पंचवीस वर्षं प्रेसवर गेली होती, ते म्हणायचे, “पोरगं जोर दाखवतंय. पाइपला काय पहार लावायची असते का?”

सोमवारी मी सकाळी पोराच्या शेजारी उभा राहिलो आणि रात्री मामांच्या.

या नटाला सॉकेट लागतच नाही, कारण नटाच्या मधून पाइप बाहेर पडतो. सॉकेट वरून घालायचा तर पाइप कापावा लागेल. अशा ठिकाणी रेंचच्या चौकोनावर उघड्या तोंडाची जोडणी बसवतात, तिला क्रोफूट म्हणतात. बाजारातला क्रोफूट आखूड असतो, चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत साधारण पाच-सहा सेंटिमीटर. आमचा नट दोन पाइपांच्या मागे आत होता, तिथे तो पोचत नव्हता. म्हणून कुणीतरी, बहुधा माझ्या आधीच्या काळात, ३२ चा फिक्स पाना कापून त्याच्या शेपटीला सॉकेटचा चौकोन वेल्ड केला होता. चौकोनाच्या मध्यापासून नटाच्या मध्यापर्यंत त्याचं अंतर भरलं १६० मिलिमीटर. ही जोडणी किमान दहा वर्षं हत्यारांच्या कपाटात होती, आणि तिची लांबी कुठल्याही कागदावर नव्हती.

दोन पाइपांमधली फट एकाच बाजूला असल्याने जोडणी आत घालायची दिशा ठरलेली. रेंच कोणत्या दिशेला येणार, हे मात्र माणूस कुठे उभा आहे त्यावर ठरत होतं. पोरगा प्रेसच्या समोरून काम करायचा. तिथे जोडणी आणि रेंच एका सरळ रेषेत यायचे, म्हणजे रेंच तेवढा लांबच झाल्यासारखा. दुसऱ्या पाळीत समोर मालाच्या ट्रॉल्या लागलेल्या असायच्या, म्हणून मामा मागच्या, मोटरच्या बाजूने जायचे. तिथून रेंच जोडणीवर जवळजवळ उलटा दुमडून यायचा, पाइप चुकवण्यापुरता तीसेक अंश कलता. सरळ रेषेपासून मोजलं तर दीडशे अंश.

दोघांचाही ‘टक्’ खणखणीत आला. दोघांनीही वेळेवर हात थांबवला. चूक कुणाच्याच हातात नव्हती.

आता यामागचं गणित. क्लिकचा रेंच टॉर्क ओळखतो तो स्वतःच्या डोक्याशी. आत स्प्रिंगने दाबून धरलेली एक कळ असते. डोक्यावर येणारा पीळ सेटिंगइतका झाला की ती निसटते आणि टक् होतं. तो पीळ म्हणजे हाताचा जोर गुणिले हातापासून चौकोनापर्यंतचं अंतर. पुढे जोडणी लावली आहे, ती किती लांब आहे, कोणत्या दिशेला आहे, यातलं काहीच त्याला कळत नाही. नटाला मात्र हाताचा तोच जोर मिळतो गुणिले हातापासून नटापर्यंतचं अंतर. ज्यांनी जातं ओढलं आहे त्यांना खुंटा कडेला असला की का हलकं जातं, हे समजावून सांगावं लागत नाही. गोष्ट तीच आहे.

आमच्या रेंचवर मुठीच्या मधल्या खुणेपासून चौकोनापर्यंत ४०० मिलिमीटर होते. १०० न्यूटन-मीटरला टक् होण्यासाठी त्या खुणेवर २५० न्यूटन, म्हणजे साधारण पंचवीस किलोचा ओढा लागतो. सरळ रेषेत जोडणी असताना हा ओढा नटापासून ४०० अधिक १६०, म्हणजे ५६० मिलिमीटरवर लागतो. गुणाकार करा: १४० न्यूटन-मीटर. स्केलवर १००, नटावर १४०.

आणि हे अजून पूर्ण झालं नव्हतं. पोरगा उभा राहायचा तिथे मागे तेलाची टाकी होती. कोपर टाकीला आपटतं म्हणून तो मुठीच्या खुणेवर धरतच नव्हता, हात पुढे, रेंचच्या गळ्याजवळ सरकवायचा. मी मोजलं तर चौकोनापासून २८० मिलिमीटर. हात पुढे गेला की टक् आणायला जास्त जोर लागतो, ३५७ न्यूटन. तो जोर नटापासून ४४० मिलिमीटरवर. नटावर गेले १५७ न्यूटन-मीटर. शिवाय खात्रीसाठी तो दोनदा टक् करायचा. ३७ अंशांच्या फ्लेअरमध्ये सील होतं ते धातूवर धातू टेकून. नट आतल्या बाहीला, म्हणजे पाइपवरच्या कड्याला ढकलतो, बाही फ्लेअरला फिटिंगच्या शंकूवर दाबते. त्या पातळ कडेला दीडपट दाब दिला तर ती चेपते, पातळ होते, आणि प्रेसच्या प्रत्येक ठोक्याला येणाऱ्या दाबाच्या लाटेने मुळाशी तडकते.

मामांचा हिशोब उलटा. जोडणी दुमडल्यामुळे नट हाताच्या जवळ आला होता. दीडशे अंशांवर १६० मिलिमीटरमधले १३९ वजा होतात, म्हणजे हातापासून नटापर्यंत कामाचं अंतर उरलं २६१ मिलिमीटर. अडीचशे न्यूटनच्या ओढ्याने नटाला ६५ न्यूटन-मीटर मिळाले. पुस्तकाला हव्या असलेल्या १०० पैकी ६५. तेल पाझरणारच.

रेंच चार टक्क्यांत बसतो का हे बघायला आम्ही पैसे आणि आठवडा घातला होता, आणि जोडणीमुळे एका बाजूला सत्तावन्न टक्के जास्त, दुसऱ्या बाजूला पस्तीस टक्के कमी जात होतं. या दोन आकड्यांचं मला आजही वाईट वाटतं, कारण मधल्या काळात सेकंड शिफ्टचा एक हेल्पर गळती कुठून आहे ते बघायला बोट फिरवताना मी स्वतः पाहिला होता. दाबाखालचं तेल कातडी भेदून आत शिरू शकतं आणि जखम वरून टाचणीएवढी दिसते. गळती शोधायची ती पुठ्ठ्याने, हाताने कधीच नाही. ते त्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं.

माझा हिशोब कागदावरचा होता, त्यामुळे लगेच मान्य होणार नव्हता. असेंब्ली लाइनवरचा टॉर्क टेस्टर अर्ध्या दिवसासाठी मागून आणला, टूलरूमच्या बाकावर पक्का केला आणि त्यावर ३२ चा षटकोन बसवला. मामा आणि पोरगा दोघांनाही बोलावलं. रेंच १०० वर. आधी जोडणीशिवाय, नुसत्या सॉकेटने: ९९, १००, १०१. मग सरळ जोडणी आणि हात खुणेवर: १३८ ते १४२. सरळ जोडणी आणि हात गळ्याजवळ: १५४ ते १५९. दुमडलेली जोडणी: ६३ ते ६७. मामांनी आकडा बघितला, रेंच काढला, पुन्हा लावला, पुन्हा ६५ आला. मग म्हणाले, “म्हणजे पंचवीस वर्षं मी ढिलंच आवळत होतो का?” तसं नव्हतं. बाकी सगळी कामं ते सॉकेटने करत, ती बरोबरच होती. ते त्यांना तिथेच करून दाखवलं, कारण त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी बांधील होतो.

त्याच बाकावर अजून एक गैरसमज सुटला. मामा रेंच आणि सॉकेटच्या मध्ये लावायच्या लांब एक्स्टेन्शन रॉडला नेहमी पाच-दहा न्यूटन-मीटर जादा लावायचे, ‘रॉड पीळ खातो’ म्हणून. रॉड पिळतो हे खरं, पण हाताच्या रेंचने सावकाश ओढताना या टोकाचा टॉर्क त्या टोकाला तेवढाच पोचतो, कारण रॉड नटाच्या अक्षावरच उभा असतो, हातापासूनचं अंतर बदलत नाही. रॉड सरळ राहील एवढा दुसऱ्या हाताने डोक्याला आधार द्यायचा, बस्स. जिथे दुरुस्ती नको तिथे आम्ही करत होतो आणि जिथे हवी तिथे नाही. युनिव्हर्सल जॉइंटची, म्हणजे वाकणाऱ्या सांध्याची गोष्ट मात्र वेगळी. तो तिरका झाला की घोळ होतो, ठराविक टॉर्कच्या कामाला मी तो वापरूच देत नाही.

दुरुस्तीचं सूत्र छोटं आहे. हात ते चौकोन अंतराला ‘ह’ म्हणू, चौकोन ते नट अंतराला ‘ज’. जोडणी सरळ रेषेत असेल तर

सेटिंग = हवा असलेला टॉर्क × ह ÷ (ह + ज)

आमच्यासाठी १०० × ४०० ÷ ५६०, म्हणजे ७१.४. जोडणी कोनात असेल तर ‘ज’ च्या जागी ‘ज’ गुणिले त्या कोनाची कोसाइन. काटकोनात कोसाइन शून्य, म्हणून काहीच दुरुस्ती लागत नाही. उलट्या बाजूला ती ऋण होते, म्हणून वजा.

प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, सोपं आहे, दोन आकड्यांची चिठ्ठी लावा. समोरून आवळाल तर ७१, मागून आवळाल तर १५३. मी नाही म्हटलं. दुमडलेल्या स्थितीत दीडशेच्या जागी एकशे चाळीस अंश झाले तर १५३ वर नटाला १०० ऐवजी १०६ जातात, एकशे पासष्ट झाले तर ९४. अंधारात, मोटरच्या मागे वाकून कोण दहा अंश ओळखणार? चिठ्ठी समोरची आणि काम मागून, असं एकदा जरी झालं तरी आहे तो जोड पुन्हा गेला.

दुसरा सल्ला आला तो सगळीकडे ऐकू येतो: जोडणी काटकोनात लावा आणि विसरून जा. आखूड क्रोफूटला हा सल्ला चांगला आहे, मी स्वतः तसंच करतो. पाच सेंटिमीटरच्या क्रोफूटमध्ये काटकोनापासून दहा अंश चुकले तर फरक पडतो दोन टक्क्यांच्या आसपास. पण १६० मिलिमीटरच्या जोडणीत तेच दहा अंश सात टक्के खातात, कारण काटकोनाजवळ कोन थोडा हलला तरी कोसाइन भराभर बदलते. सरळ रेषेत हे उलट आहे. तिथे पंधरा अंश चुकले तरी फरक एक टक्का. लांब जोडणी असेल तर सरळ रेषा धरा आणि आकडा दुरुस्त करा, असं माझं मत या प्रकरणानंतर पक्कं झालं. सरळ रेषेची किंमत एकच: हात कुठे धरता ते महत्त्वाचं होतं. नुसत्या सॉकेटने काम करताना हात थोडा पुढेमागे झाला तर विशेष बिघडत नाही. जोडणी लावली की हाताची जागा हिशोबात येते. याच कारणाने मुठीवर पाइप चढवून ओढणंही बंद. पाइपने ‘ह’ वाढतो, नटाला हिशोबापेक्षा कमी जातं, आणि माणसाला वाटतं आपण जास्त जोर लावला.

जोडणी सरळ हवी म्हणजे दोन्ही पाळ्यांनी समोरूनच काम करायला हवं, आणि हात खुणेवर हवा म्हणजे कोपर टाकीला लागता कामा नये. त्यासाठी ट्रॉल्यांची जागा जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने आखून दोन फूट सरकवली. समोर एक लोखंडी पायरी ठेवली, तिच्यावर उभं राहिलं की ओढ टाकीच्या वरून येते. पट्ट्यावरून तीन दिवस बोलणी झाली. पायरीवर कुणी काही बोललं नाही.

वेल्डची जोडणी मी भंगारात काढली. पान्याचं पोलाद कडक केलेलं असतं, त्यावर वेल्ड केल्यावर लगतचा भाग ठिसूळ होतो. ती कधीतरी तुटून कुणाचे तरी दात पाडणार होती. टूलरूमने ईएन २४ या मिश्र पोलादाच्या एका ठोकळ्यातून नवीन जोडणी काढून, कडक करून दिली, एकसंध, तेवढ्याच लांबीची. तिच्यावर पंच मारला: ‘ज १६०’. रेंच आणि जोडणी एका खोक्यात ठेवली, मुठीवर ४०० च्या जागी लाल रंगाची रेघ ओढली, आणि खोक्याच्या झाकणावर ठळक लिहिलं: प्रेस पाइप नट, समोरून, सरळ, सेटिंग ७१.५. टेस्टरवर ही सगळी जोडी तपासली तेव्हा वाचनं ९९ ते १०२ आली. हात रेघेपासून दोन सेंटिमीटर पुढे गेला तरी १०१.६ च होतात, तेवढी सूट माणसाला हवीच.

आवळण्याच्या पद्धतीत बाकी थोडंच बदललं. मॅनिफोल्डच्या बाजूचा फिटिंगचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरायचा, नाहीतर रेंचचा काही टॉर्क फिटिंग फिरवण्यात जातो. ओढ सावकाश आणि एका दमात, एक टक्, आणि थांबायचं. नट आधी बोटाने बसवून नट आणि फिटिंगवर एक रंगाची रेघ मारायची, आवळल्यावर ती किती सरकली ते बघायचं. मशीनच्या पुस्तकात या फ्लेअरसाठी नट बोटाच्या घट्टपणानंतर किती फिरावा तेही दिलेलं होतं, आणि टॉर्क बरोबर असेल तर दोन्ही जुळतात. रेघ जुळली नाही तर खोक्याकडे परत जायचं. काम संपल्यावर रेंच सर्वांत कमी आकड्यावर, म्हणजे ४० वर आणून ठेवायचा, त्याखाली नाही.

आधीच अती आवळलेले फ्लेअर वरून ठीक दिसत होते तरी मी पंपाकडचे दोन्ही पाइप बदलले. चेपलेल्या कडेला परत योग्य टॉर्क देऊन ती पूर्वीसारखी होत नाही. साहेबांना तो खर्च जड वाटला, पण ब्रेकडाऊनच्या वहीतली नऊ पानं समोर ठेवल्यावर सही झाली.

मी तिथे आणखी अकरा महिने होतो. त्या काळात तो नट दोनदा उघडला, दोन्ही वेळा पंपाच्या कामासाठी. एकदा पोराने आवळला, एकदा मामांनी.

प्रेस सुरळीत झाल्यावर त्याच आठवड्यात मामांनी हत्यारांचं कपाट पूर्ण रिकामं केलं. मी सांगितलं नव्हतं. वेल्ड केलेल्या अशा आणखी पाच जोडण्या निघाल्या, एकीवरही लांबी नव्हती. आम्ही दोघांनी जमिनीवर बसून मेजरटेपने एकेक मोजली आणि कुठली कुठे वापरतात ते आठवत गेलो. सर्वांत लांब होती २१० मिलिमीटरची, आणि ती कंप्रेसरच्या हेडवरच्या दोन कोपऱ्यांतल्या नटांसाठी ठेवलेली होती. मामा म्हणाले, “साहेब, ती मी सरळ लावतो. म्हणजे ते दोन नट बाकीच्यांपेक्षा जास्त आवळले गेलेत.” दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्रेसर थंड असतानाच आम्ही हेडचं कव्हर उघडलं.